नळीला मानवेल तो छर्रा

नानूच्या रक्तात शिसं आहे हे एलेरीनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या नवऱ्याचा, गेथिनचा, हात कोपरापर्यंत मेंढीच्या आत होता. मोसमातली पहिलीच मेंढी, आणि कोकरू आडवं. मी शेडच्या दारात फोन कानाला लावून उभी होते. मान न वळवता त्यानं विचारलं, "काय म्हणते गं?"

"शिसं म्हणते."

"काय?"

"शिसं. पोरीच्या रक्तात."

 आतला हात थांबला तेवढं दिसलं. मग मेंढी कण्हली आणि हात पुन्हा हलू लागला.

एलेरी बाला गावच्या दवाखान्यातली नर्स. माझ्या बाळंतपणापासून ती आमच्याकडे येते. नानू सव्वा वर्षाची झाली तरी तिचं वजन भरत नव्हतं, गाल कणकेसारखे फिके दिसायचे, आणि जिथे बसवावी तिथली माती खायची. लोह कमी असेल म्हणून रक्त काढलं होतं. लोह कमी निघालंच, वर हे.

"पाचाच्या आत असायला हवं. अकरा आलंय," एलेरी म्हणाली. "घाबरू नकोस हं, हेलेध."

घाबरू नकोस म्हणताना माणसं आवाज खाली आणतात. तो मला लगेच ऐकू येतो.

त्याच आठवड्यात सरकारी माणसं येऊन गेली, एक बाई आणि एक बुवा. त्यांनी नळाचं पाणी बाटल्यांत भरलं, खिडक्यांचा रंग खरवडून पुड्यांत बांधला, अंगणातली माती नेली. कशातच काही निघालं नाही. पाण्याची नळी आम्ही लग्नाच्या साली बदलली होती, आणि खिडक्या गेथिननं मी पोटुशी असताना घासून नव्यानं रंगवल्या होत्या. जाताना त्या बाईनं मला बाजूला घेतलं. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त काढायचं. आकडा उतरला नाही तर कारण सापडेपर्यंत पोरीला घेऊन दुसरीकडे राहिलेलं बरं. "माहेर आहे ना तुमचं?"

आहे की. बँगरला, समुद्राकाठी. पण मेंढ्या विण्याच्या महिन्यात आमच्या ब्रिन-केलिनच्या शेतावरचं एक माणूस कमी होणं म्हणजे काय, हे त्या बाईला कोण सांगणार? कामाला आम्ही तिघंच. मी गेले तर आईविना पडलेल्या कोकरांना बाटली कोण पाजणार? आणि एकदा गेले की परत कधी येणार? कारण सापडलं नाही तर? तोपर्यंत नानूच्या डोक्यात काय काय बिघडून बसेल, हे मी वाचलं होतं. शिकलेल्या माणसाला भीतीसुद्धा सविस्तर वाटते.

घराबाहेर पडता पडता त्या बुवाचं लक्ष स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या छर्र्याच्या बंदुकीकडे गेलं. "ही कोण वापरतं?"

"मी," शेडमधून येता येता माझे सासरे म्हणाले. "का? चोरायचीय?"

इद्वल त्यांचं नाव. इकडे माणसाला त्याच्या शेतावरून ओळखतात, म्हणून बाजारात ते इद्वल ब्रिन-केलिन. नानू झाल्यापासून घरात आम्ही सगळे त्यांना ताइद म्हणतो, म्हणजे आजोबा. दार भरून जाईल असा देह. पण हाताची बोटं सांध्यांत सुजून आल्याच्या गड्ड्यांसारखी वेडीवाकडी झालेली. सदऱ्याची बटणं गेथिन लावून देतो, आणि त्या वेळी दोघंही दुसरीकडे बघत असतात.

"मारलेले ससे घरात खाता?" बुवानं विचारलं.

"नाही, त्यांची लग्नं लावतो," ताइद म्हणाले.

*

त्या रात्रीच्या जेवणात ससाच होता. लीक नावाच्या कांद्याची पात, बटाटे आणि सशाचं मांस घालून केलेला पातळ रस्सा. इकडे त्याला काउल म्हणतात. मी तो ताटात घेतला आणि न खाता मांसाचा एकेक धागा बोटांनी सोडवत बसले. फऱ्याच्या हाडापाशी मिरीच्या चुऱ्याएवढा एक करडा कण नखाला लागला. मी तो ताटलीच्या काठावर ठेवला.

"हे बघा."

"मिरी असेल," गेथिन म्हणाला.

"मिरी मी घातलीच नाही."

ताइदनी चमचा खाली ठेवला. "माझा बाप ससे खाऊन नव्वदीला टेकला. मी खाल्ले. ह्यानं खाल्ले, म्हणून तर हा असा बैलासारखा वाढलाय."

"बैलाच्या डोक्यात किती उजेड असतो तेही बघा," मी म्हणाले. गेथिन हसला, पण ताइद हसले नाहीत.

"उंदरांना विष घालू नका म्हणालीस तू. पोर रांगायला लागली, वाजवी होतं, मी बंदूक काढली. आता बंदूकही नको म्हणतेस. मग पेंडीच्या खोलीत उंदरांना चॅपलमधलं प्रवचन वाचून दाखवू?"

त्यांचं खोटं नव्हतं. उंदीर पोती फाडायचे आणि जे खायचे नाहीत त्यावर मुतायचे. नदीकाठच्या वावरात नवं गवत पेरलं होतं, ते ससे कातरून नेत होते. दहा ससे म्हणजे एका मेंढीची वैरण, असं इकडे म्हणतात.

"बंदूक नको असं नाही म्हणत मी," मी म्हणाले. "छर्रा बदलू. बिनशिशाचेही मिळतात."

"कथलाचे? ती खेळणी असतात."

"बघून तर येते."

ते माझ्याकडे जरा नवलानं बघत राहिले. "तू? छर्रे निवडणार?"

*

बालाच्या बाजारात मेयरिगचं दुकान आहे. पुढे बी-बियाणं, खुरांची औषधं, रबरी बूट. मागच्या गल्ल्यावर बंदुकीचं सामान. नानूला पाठीवर बांधून मी तिथे गेले. मेयरिगनं मला बुटांकडे वळवायचा प्रयत्न केला.

"छर्रे हवेत," मी म्हणाले. "ताइदच्या बंदुकीला."

"इद्वलच्या?" त्यानं कपाळाला हात लावला. "बाई गं, ती बंदूक नाही, सासू आहे. तिला काय मानवतं ते तिचं तिलाच विचारावं लागतं. तुला कुठला म्हणून देऊ?"

"सगळे दाखव."

त्यानं हिरव्या बनातीच्या तुकड्यावर एकेक डबी उपडी केली. मी आजवर छर्रा हातात धरून बघितला नव्हता. प्रत्येकाला डोकं होतं, बारीक कंबर होती, आणि खाली पोकळ, पातळ परकर. कुणाचं डोकं गोल, कुणाचं चपटं, कुणाचं टोकदार, कुणाच्या डोक्याला खळगा. एवढ्याशा वस्तूत एवढा विचार कुणी केला असेल? मी वाकून बघतच राहिले.

"टोकदार घुसत असेल चांगला," मी म्हणाले.

"सगळे तेच म्हणतात. दिसायला शूर आहे तो. पण टोक जरा वाकडं झालं की शेजारच्या गावाला जातो." त्यानं गोल डोक्याचा पुढे सरकवला. "लांबवर जायचं तर हा. वारा कापत जातो. आणि हा चपटा जवळच्या कामाचा. लांब गेला की भरकटतो, पण शेडमधल्या उंदराला असा बसतो, की उंदराला कळायच्या आत उंदीर संपतो. आणि आतच थांबतो, पार जात नाही. मागे मेंढी असली तर हे बघावं लागतं."

"परकर कशाला?"

"मागून वाऱ्याचा धक्का बसला की तो फुलतो आणि नळीला घट्ट लागतो. शिसं मऊ म्हणून फुलतं. तुझं कथील कडक. म्हणून तर म्हणतो, सासूला विचार."

पाठीवरून नानूनं हात लांब करून एक छर्रा उचलला. माझ्या आधी मेयरिगनं तिची मूठ धरली आणि उघडली. "ही आजोबांवर गेली," तो म्हणाला.

घरी गेल्यावर मी तिचे हात दोनदा धुतले.

*

वारा पडला त्या दुपारी घरामागच्या दगडी भिंतीपाशी पेंढ्याचे भारे रचले आणि त्यांवर न्याहारीच्या खोक्याचे पुठ्ठे टोचले. नानूला आत झोपवलं होतं. ताइद उपड्या बादलीवर बसले, गुंडाळलेल्या पोत्यावर त्यांनी बंदूक टेकवली. आधी नळीतून चिंधी ओढली. चिंधी काळीकुट्ट निघाली.

"कधी पुसली होती?" मी विचारलं.

"तुझं लग्न तरी झालं होतं का तेव्हा?"

मी हातमोजे घालून शेजारी उभी राहिले. त्यांनी मधल्या बिजागरीवर नळी मोडून उघडली की मी एक छर्रा त्यांच्या तळव्यावर ठेवायचा, त्यांनी तो अंगठ्यानं नळीत रेटायचा. आधी त्यांचे नेहमीचे, गोल डोक्याचे, शिशाचे. पुठ्ठ्यावरची सगळी भोकं माझ्या अंगठ्याच्या नखाखाली झाकली गेली. ताइदनी पुठ्ठा माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे बघत राहिले. त्यांना स्तुती हवी असली की ते असेच दुसरीकडे बघतात.

मग कथलाचे. पुठ्ठ्यावर गोवर उठला. एक तर पुठ्ठ्यालाच लागला नाही, भिंतीवर टणकन वाजून कुठेतरी गेला.

गेथिन पाण्याच्या बादल्या घेऊन चालला होता, तो थांबला. "ताइद, सशाला आधी निरोप पाठवा, कुठे उभं राहायचं म्हणून."

ताइदचे कान लाल झाले. "छर्रा वाईट आहे."

"छर्रा नवा आहे. डोळे जुने आहेत."

"बादल्या ने," ताइद म्हणाले. गेथिननं नेल्या. ताइदनी बंदूक मांडीवर आडवी ठेवली आणि वाकडी बोटं काखेत घालून शेकत बसले. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर वाईट वाटण्याहून कुतूहल जास्त होतं. एकाच नळीतून, एकाच हातानं, एवढा फरक का पडावा? मी आत जाऊन मेयरिगनं बांधून दिलेल्या सगळ्या जातींच्या पुड्या आणल्या, खिडकीच्या उजेडात ओट्यावर फडकं पसरलं आणि एकेक छर्रा फिरवून बघितला. काहींचे परकर दबलेले होते, ते बाजूला काढले. मग पुन्हा बाहेर आले. मोडलेल्या नळीच्या तोंडात एकेक जात माझ्या बोटानं लावून बघितली. कथलाचा पहिला आत गेला आणि सैल लोळला. दुसऱ्या पुडीतलाही तसाच. तिसऱ्या पुडीतला अडला. जोर लावला तेव्हा चटकन बसला.

"ताइद, हा बघा. ह्याचं डोकं केसभर मोठं आहे."

त्यांनी नुसती मान उडवली. पण नेम धरला. मग पुन्हा. आणि पुन्हा. पुठ्ठा आणायला मी जवळजवळ पळाले. अंगठ्याखाली नाही, पण तीन बोटांखाली सगळी भोकं झाकत होती.

"सशाला चालेल," ते म्हणाले. "जवळ जावं लागेल. पोटावर सरपटत." आणि मग, "कसं कळलं तुला?"

"घट्ट बसतो तो फुलायची वाट बघत नाही."

"हं." त्यांनी तो छर्रा उजेडाकडे धरला. "कडू म्हातारीला शेवटी कडक जावईच मानवला."

मग आम्हा दोघांनाही नाद लागला. कपड्यांच्या पिवळ्या साबणाच्या वड्यांवर छर्रे मारून आम्ही त्या सुरीनं चिरल्या आणि आतली भुयारं बघितली. गोल डोक्याचं भुयार लांब आणि निरुंद. चपट्याचं आखूड, पण तोंडाशी वाटीसारखं रुंद. गेथिन म्हणाला, घरात कपडे धुवायला साबण राहू द्या.

शेडमध्ये मात्र कथील चाललं नाही. पहिल्याच संध्याकाळी कथलाचा छर्रा दगडी भिंतीवरून उलटला आणि गेथिनच्या डोक्यावरचा दिवा फुटला. त्याच्या तोंडून जे शब्द निघाले ते ऐकून ताइदनी टोपी काढून छातीशी धरली, चॅपलमध्ये धरतात तशी. म्हणून ठरलं ते असं: वावरातल्या सशांना कथलाचा, कारण ते पोटात जायचे, आणि शेडमधल्या उंदरांना शिशाचा चपटा, कारण तो भिंतीवर चपटा होऊन खाली पडतो.

"उंदीर कोण खातंय?" ताइद म्हणाले.

मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

*

दुसऱ्या वेळी आकडा बारा आला.

मी फोन ठेवला आणि बॅग काढली. नानूची झबली, माझे दोन स्वेटर. गेथिन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, अंगाला मेंढीच्या वारेचा वास. "रात्रीत सात व्याल्यात," तो म्हणाला. "मी थांब म्हणत नाही. नुसतं सांगतोय."

"एक अंश जरी उतरला असता ना, तरी थांबले असते मी."

"माहीत आहे मला."

जायच्या आधी एलेरीला पुन्हा फोन केला. ती म्हणाली, "हेलेध, एक दिवस दे मला. त्या दिवशी दुसरं काही करू नकोस. पोरीच्या तोंडात काय काय जातं ते फक्त बघ. जवळ धरून नको, लांबून बघ."

तसं मी केलं. बाटल्या गेथिननं पाजल्या, जेवण कुणीच केलं नाही, पाव आणि चीज खाल्लं. मी नानूच्या मागे मागे. तिनं टेबलाचा पाय चाटला. कुत्र्याचा कान चोखला, कुत्र्यानं सहन केलं. माझ्या बुटाची नाडी, वर्तमानपत्राचा कोपरा, कोकराच्या बाटलीचं बूच, चिमूटभर माती. ती माती मी कागदात बांधून ठेवली. लांबून बघायचं म्हणजे धावायचं नाही, आणि दिवसभर माझे पाय धावायला निघत होते. मधून मधून ती झग्याला अडकवलेली रबरी चोखणी तोंडात घालायची, टाकायची, पुन्हा शोधायची.

दिवस कलताना तिला शेडच्या बाहेर पेंढ्यावर सोडलं. आत ताइद उंदरांवर टपून बसले होते. अशा वेळी आम्ही कुणी आत जात नाही, हा नियमच. फट्, आणि मग शांतता. फट्. थोड्या वेळानं ते बाहेर आले, मोडलेली बंदूक कोपरावर टांगलेली, हातात शेपटीला धरलेले दोन उंदीर. उंदीर त्यांनी भिंतीवर टाकले. नानू "ताइ, ताइ" करत त्यांच्याकडे निघाली, चार पावलांवर बसकण मारली आणि तिची चोखणी सुटून पेंढ्यात पडली.

ताइद वाकले. चोखणी उचलली, तिला लागलेली काडी फुंकली. मग ती स्वतःच्या तोंडात घालून स्वच्छ चोखली आणि नानूच्या तोंडात दिली.

यात बघण्यासारखं काही नव्हतं. इकडे सगळेच असं करतात. माझी आई करते. मीही केलंय. पण त्या दिवशी मी बघण्याशिवाय काहीच करत नव्हते, म्हणून मला त्यांचा डावा गाल दिसला. तो दाढ सुजल्यासारखा फुगला होता.

"ताइद," मी म्हणाले. "तोंडात काय आहे?"

ते वळले. बोलता येईना म्हणून त्यांनी तळवा पुढे केला आणि त्यात थुंकले. चपट्या डोक्याचे शिशाचे छर्रे. ओले, चकचकीत, परकरांत थुंकी साचलेली.

"तोंडात ठेवता?"

"मग कुठे ठेवू? ही बोटं बघ. डबीतून एक काढायला गेलो तर दहा सांडतात." ते सहज बोलत होते. "आणि थंडीत गार छर्रा खाली पडतो. तोंडातला गरम असतो. ओला असला की नळीत सरळ बसतो. माझा बाप पण..."

मी नानूकडे गेले. तिच्या तोंडातून चोखणी काढली. ती रडू लागली. मी चोखणी हातात धरून उभी राहिले.  मोठ्या माणसाला तुमचं तोंड घाण आहे हे कसं सांगतात?

सांगावं लागलं नाही. त्यांनी आधी चोखणीकडे बघितलं, मग आपल्या तळव्याकडे. तळवा कलला आणि छर्रे पेंढ्यात पडले. मग ते एवढे मोठे माणूस गुडघ्यांवर बसले, आणि पोरीच्या हाती लागू नये म्हणून ते छर्रे एकेक करून वेचू लागले. बोटांत येत नव्हते. एक तर दोनदा निसटला. मी मदतीला वाकले तर म्हणाले, "तू तिला घेऊन आत जा."

*

मी बँगरला गेले नाही. बॅग मात्र आणखी काही दिवस दाराशीच होती, कारण हेच कारण आहे याची खात्री रक्ताशिवाय कोण देणार?

ताइदनी बंदूक खुंटीला लावली. जेवायला टेबलावर येईनात. बुटांना घाण आहे म्हणायचे, आणि ताट शेडमध्ये मागवायचे. नानू शेडच्या फळीला धरून "ताइ" म्हणायची तेव्हा ते मेंढीच्या आडोशाला जायचे. एवढं मोठं माणूस मेंढीमागे लपतं का? पोरीला तो खेळ वाटायचा. ती हसायची.

उंदीर मात्र लगेच परतले. गेथिन कोकरांत बुडालेला. शेवटी मीच बंदूक काढली. शिशाचे चपटे छर्रे हातमोज्यानं धरायचे, काम झालं की हात घासायचे, आणि कपडे दारातच उतरवायचे, असा माझा शिरस्ता. पहिल्या संध्याकाळी नळी मोडायलाच माझे दोन्ही हात आणि गुडघा लागला. नेम धरला, सोडला, उंदीर मजेत निघून गेला.

पोत्यांच्या पलीकडून आवाज आला. "गाल लाकडाला लाव. तू बंदुकीला घाबरून मान उचलतेस."

"तुम्ही कधीपासून तिथे आहात?"

"मी नाहीच इथे. श्वास अर्धा सोड. अर्धा."

अर्धा सोडला. फट्. पोत्याखाली काहीतरी एकदाच तडफडलं.

"मेला?" मी विचारलं.

"तू मारलास, तूच बघ."

बघितलं. मेला होता. छर्रा आतच थांबला होता, साबणात थांबला तसा. मला किळस यायला हवी होती. त्याऐवजी मी त्याला उलटा करून, कुठून आत गेला ते शोधत बसले. पोत्यांपलीकडून कुणीतरी नाकातून हसलं.

तिसऱ्यांदा रक्त काढायला निघालो त्या सकाळी ताइद गाडीपाशी उभे. चॅपलचा कोट, दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याचा कागद चिकटवलेला. कुणी बोलावलं नव्हतं. नानूपासून लांब, मागच्या सीटच्या दुसऱ्या टोकाला बसले. दवाखान्यात कोट काढून त्यांनी बाही वर केली आणि एलेरीला म्हणाले, "आधी माझं घे. पोरीला दिसू दे काही होत नाही ते." सुई टोचली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

निकाल काही दिवसांनी, दुपारच्या चहाच्या वेळी आला. मी स्वयंपाकघरात. ताइद उंबऱ्याबाहेर, बूट घालून, कशाला आलो तेच विसरल्यासारखे.

"नानूचं आठ," मी म्हणाले. 

"आठ म्हणजे उतरलं ना?"

"उतरलं."

"बारावरून?"

"बारावरून. ताइद, तुमचं एकेचाळीस आहे. डॉक्टर उद्या बोलावताहेत तुम्हाला. पोट दुखतं का म्हणून विचारतेय एलेरी."

"तो म्हातारपणाचा चावा आहे." त्यांनी एकेचाळीस ऐकलंच नव्हतं. फोनकडे बोट केलं. "ती आहे अजून?"

"आहे."

"विचार तिला."  बुटाच्या टोकानं ते उंबऱ्यावरचा चिखल काढत राहिले. "मी पोरीला घेतली तर चालेल का, ते विचार."

मी विचारलं. एलेरी म्हणाली, न चालायला काय झालं? हात धुवायचे, चूळ भरायची, मुका नाही.

हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी बूट उतरवले, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मोरीपाशी जाऊन बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि नखांचा ब्रश घेतला. एकेक वाकडं बोट, एकेक सांधा, मनगट, कोपर. मेंढीला हात घालायच्या आधी सुद्धा ते इतकं धूत नाहीत. मग चूळ. पुन्हा चूळ. पाणी मानेवरून कॉलरमध्ये गेलं. नानू माझ्या गुडघ्याला धरून, मान तिरपी करून बघत होती.

ते वळले. ओले हात समोर धरून उभे राहिले, पुढे आले नाहीत. नानूनंच माझा गुडघा सोडला.

त्यांनी तिला उचललं. हात पुढे ताठ, मान मागे ओढलेली, ओठ घट्ट मिटलेले. काठोकाठ भरलेली बादली चढावरून आणावी तसे एकेक पाऊल टाकत ते तिला खिडकीपाशी घेऊन गेले.